एकही तारीख खरी नसलेला फळा

मी बोलतोय, ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरातल्या एका जाहिरात कचेरीच्या भिंतीवरचा पांढरा फळा. माझ्याकडे नुसतं बघून इथल्या माणसांना घाम फुटतो. याचा मला केवढा अभिमान होता, विचारू नका!

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, शाळेत जाईन, मुलं माझ्यावर गणितं सोडवतील. नशिबी आले गादीवाल्यांचे ईमेल आणि लोकरी मोज्यांच्या जाहिराती. कुठला मजकूर कधी द्यायचा, ते माझ्यावर लिहितात. नाताळच्या जाहिराती तर जुलैच्या थंडीत कुडकुडत लिहायच्या.

इथली एक रीत आहे. गिऱ्हाईक मुळातच गरजेपेक्षा अलीकडची तारीख सांगतं. लॉक्लन, म्हणजे आमचा साहेब, ती आणखी अलीकडे ओढतो. मजकूर लिहिणारी इमोजेन स्वतःला धाक म्हणून अजून थोडी. मग ती तारीख लाल अक्षरांत माझ्यावर येते आणि मी छाती फुगवून उभा! खरी तारीख कुणालाच ठाऊक नसते, मला तर मुळीच नाही.

त्या लाल गर्दीत इमोजेनने एकदा हिरव्या शाईने लिहिलं, ‘शुक्रवार, बाबांची बोट’. तिचे वडील जवळच्या ब्रूनी बेटावर राहून समुद्रातली शेवंडं पकडायचे. गुडघे गेले, म्हणून बोट विकली. शनिवारी नवा मालक ती न्यायला येणार होता. त्याआधी बापलेकीने शेवटचं समुद्रात जायचं ठरवलं होतं.

गुरुवारी लॉक्लनने ती ओळ पुसली आणि तिथे मोज्यांचं काम लिहिलं.

"बोटीचं सोमवारी जमेल ना?" तो म्हणाला. "तूही थोडी अलीकडचीच तारीख लिहिली असशील."

माणूस वाईट नाही हो. माझ्यावरच्या कुठल्याच तारखेवर त्याचा विश्वास उरला नव्हता, आणि का उरावा?

इमोजेनचे डोळे भरले. मला लाज वाटली, पण फळ्याला मान कुठे खाली घालता येते! तिने तिथेच मोजेवाल्या बाईंना फोन लावला आणि मजकूर खरोखर कधी लागणार ते विचारलं. बाई हसल्या. दुकान पुढच्या महिन्यात उघडणार होतं. तुम्ही उशीर कराल म्हणून आधीची तारीख सांगितली होती, म्हणे.

"माझी तारीख खरी होती, लॉक्लन," इमोजेन फोन ठेवून म्हणाली. "या फळ्यावरची तेवढी एकच."

लॉक्लनने फडकं घेतलं आणि मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसलं. "आजचीच फेरीबोट पकड," तो म्हणाला. "बाकीच्या गिऱ्हाइकांना मी फोन करून खऱ्या तारखा विचारतो."

शुक्रवारी माझ्यावर जेमतेम तीन कामं उरली. आपण रिकामे दिसतोय याचंच मला दुःख, बघा माझा मोठेपणा!

सोमवारी इमोजेन आली ती उन्हाने नाकाची सालं निघालेली. लॉक्लनने आधी बोटीचं विचारलं.

"बाबांनी सुकाणू माझ्या हातात दिलं," ती म्हणाली, "आणि रडले."

लॉक्लन खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला, सगळं ऐकायला.

तुमच्या भिंतीवर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याच्यावर खरं असेल तेवढंच लिहा. आम्ही काय, कितीही अंगावर घेऊ. आम्हाला कुठे वडील असतात!