थोरली, धाकटी आणि गरम एरंडेल

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या जागी मोटरसायकल आहे. सोफा व्हरांड्यात आहे. पाहुणे आले की त्यांना तिकडे बसवतात आणि गाडीला वारा लागू नये म्हणून मधलं दार लावून घेतात. गाडी आत्यापेक्षा वयानं मोठी, म्हणून घरात ती थोरली आणि आत्या धाकटी.

आत्या एके काळची चँपियन. थोरलीचं इंजिन एका सिलिंडरचं, टाकी हातानं ठोकलेल्या ॲल्युमिनियमची, आणि टाकीला दोन्ही बाजूंनी आत्याच्या गुडघ्यांचे खड्डे. या एवढ्याशा सामानावर तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलं. एका शर्यतीत थोरलीचा सायलेन्सरच गळून पडला. मागचे तिघं तो चुकवताना गवतात गेले आणि आत्या पहिली आली. "मागे वळून बघितलं असतं तर वाईट वाटलं असतं," ती सांगते. "म्हणून बघितलं नाही."

बाबा तिचा पाठचा भाऊ आणि जन्माचा मेकॅनिक. ती त्यांना ठोंब्या म्हणते. मी विमा कंपनीत दुचाकी अपघातांचे दावे तपासते. घरात एक तरी शहाणं माणूस असावं म्हणून मला शिकवलं, असं बाबा म्हणतात.

यंदा ट्रॅकवाल्यांनी ठरवलं की मुख्य शर्यतीआधी जुन्या चँपियन मंडळींनी आपापल्या गाडीवर एक फेरी मारायची. त्यानंतर थोरली तिथल्याच संग्रहालयात, काचेआड जाणार होती. म्हणजे दोघींची ही शेवटची फेरी. आत्यानं त्या दिवसापासून साखर सोडली, जिने चढायला लागली आणि शेजाऱ्यांशी गोड बोलायला लागली. शेजारी घाबरले.

अट एकच होती. गाडी ज्याची त्यानं सुरू करायची आणि फेरी संपेपर्यंत दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी उघडी मोटार होती. तीत बसून लोकांकडे बघून हात हलवायचा.

"मी काय निवडणुकीला उभी आहे?" आत्या म्हणाली.

अडचण अशी की थोरलीला किक नाही. गियर टाकायचा, क्लच दाबायचा, गाडी ढकलत पळायचं, उडी मारून बसायचं आणि क्लच सोडायचा. मग तिची मर्जी असेल तर ती सुरू होते. आत्याचे गुडघे थोडी पावलं पळू देतात, पुढे संपावर जातात. पण यावर बाबांकडे जुना उपाय होता. थोरली एरंडेलावर चालते. म्हणजे पोटात पेट्रोल, पण इंजिनाला वंगण एरंडेलाचं. ते थंड असलं की गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं आणि इंजिन हलता हलत नाही. म्हणून बाबा शर्यतीआधी सगळं तेल काढून स्टोव्हवर गरम करायचे आणि पुन्हा ओतायचे. बाकीचे घामाघूम होऊन ढकलत असताना थोरली दुसऱ्याच पावलाला 'ढब' म्हणायची. लहानपणी माझं पोट बिघडलं की त्याच डब्यातलं एरंडेल मला मिळायचं. बाबांच्या मते इंजिन आणि मूल यांच्यात फारसा फरक नाही, फक्त इंजिन तक्रार खरी सांगतं.

सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर आम्ही सराव केला. आत्या पळायची, उडी मारायची, थोरली सुरू व्हायची, आणि परत आली की बाबा पुढे होऊन दोघींना धरायचे. रोज बिनचूक.

शर्यतीच्या दिवशी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात तिथं, आम्हाला गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या शेजारची जागा मिळाली. हा एक बावीस वर्षांचा मुलगा होता. त्याच्या चामड्याच्या सूटवर इतक्या कंपन्यांची नावं होती की मधे कुठेतरी तो दिसायचा. गाडीला पंख होते. टायरांना विजेवर तापणाऱ्या दुलया गुंडाळल्या होत्या.

"आमच्या वेळी रायडरलासुद्धा पांघरूण नव्हतं," बाबा म्हणाले.

आत्या मात्र सकाळभर सराव बघत कठड्याला चिकटून होती. "कोपर जमिनीला घासून ही पोरं परत सरळ होतात," ती म्हणाली. "आमचं कोपर जमिनीला लागलं की आम्ही दवाखान्यातच उठायचो. काय हात आहे एकेकाचा."

विजेता लाजला. "आजी, तुम्ही तर नुसत्या तारेच्या ब्रेकवर..."

"आजी काय? माझं लग्न तरी झालंय का?"

तेवढ्यात बाबांनी पिशवीतून स्टोव्ह काढला. चहूबाजूंना पेट्रोलची पिंपं, आणि बाबा काडेपेटी शोधतायत. मी विम्याच्या नोकरीत बरंच पाहिलंय, पण सगळे मेकॅनिक एकदम इतके उंच उडालेले पाहिले नव्हते. सुरक्षा अधिकारी धावत आला, स्टोव्ह जप्त करून गेला आणि जाताना म्हणाला, "उघड्या मोटारीत एक जागा शिल्लक आहे."

बाबा एरंडेलाचा डबा पोटाशी धरून बसले. "थंड तेलावर नाही होणार ताई."

"मग मी जास्त पळेन."

"तुझे गुडघे?"

"ते येतील मागून."

विजेत्यानं हे ऐकलं. तो उठला, एका जादा टायरची दुलई सोडली आणि आमच्या डब्याला गुंडाळली. त्याच्या इंजिनियरनं लॅपटॉपवरून विचारलं, "किती तापवू?"

बाबांनी डब्याकडे बघितलं. "वरणाइतकं."

इंजिनियरनं कुठलासा आकडा टाकला. तो बरोबर निघाला, यावरून तोही घरचं जेवत असावा.

आत्या पळाली. दुसऱ्याच पावलाला 'ढब' झालं आणि थोरली निघाली. जळक्या एरंडेलाचा वास सगळ्या पिटवर पसरला. मला पोटात कळ आल्यासारखं झालं, बाकी सगळे भारावून गेले. पहिल्या वळणावर आत्या अशी काही झुकली की विजेता कठड्यावर चढून बसला आणि तिथून हललाच नाही.

ती फेरी संपवून आली, पिटकडे बघितलं आणि सरळ पुढे गेली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुढच्या फेरीलाही ती तशीच गेली. लोक उभे राहिले. त्याच्या पुढच्या फेरीला निवेदकानं टोपी काढली. तो म्हणाला, या पिढीला थांबणं ठाऊकच नाही. सुरक्षा अधिकारी झेंडा हलवून हलवून दमला.

"अहो, तुमची बहीण ऐकत का नाही?"

बाबांचा चेहरा उतरला होता. "तिचे पाय पुरत नाहीत."

"काय?"

"वयानं उंची आटलीये तिची. सीटवरून पाय जमिनीला टेकत नाहीत. थांबली की आडवी होणार. सरावात मी धरत होतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

सुरू कसं करायचं यावर आमच्या घरानं दोन महिने खल केला होता. थांबायचं कसं, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला कधी पडलेलाच नाही.

अधिकारी क्षणभर नियमाशी झगडला. मग झेंडा माझ्या हातात देऊन त्यानं बाह्या सरसावल्या. आत्या पुन्हा आली तेव्हा पिटच्या तोंडाशी बाबा, अधिकारी, इंजिनियर आणि गेल्या वर्षीचा विजेता हात पसरून उभे होते. आत्यानं वेग तोडला. चौघांनी मिळून थोरली आणि धाकटी, दोघींना अलगद झेललं. विजेत्यानं हँडल धरलं होतं.

"ही सारखी इतकी थरथरते?" त्यानं विचारलं.

"ती कुठे? तू थरथरतोयस," आत्या म्हणाली.

इंजिन बंद करायला कुणाचा हात पुढे होईना. मुख्य शर्यतीला उशीर होत होता, आणि ज्यांची ती शर्यत होती ते सगळे रायडर हेल्मेट काखेत मारून आमच्याभोवती जमले होते. आत्याचा चेहरा तेलानं काळा झाला होता, त्यात दात तेवढे पांढरे.

"ठोंब्या," ती म्हणाली, "शेवटचं वळण अजून तिथंच आहे."

"असणारच. कोण उचलून नेणार?" बाबा म्हणाले, आणि पुसून स्वच्छ झालेली टाकी पुन्हा पुसायला लागले.