ऋत्विकवर उगवलेला सूड

मी एक जुना माऊस आहे. मलकापूरला भागवत यांच्या ऑनलाईन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात मी अकरा वर्षं काढली. माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि पाठीवरचा रंग माणसांच्या बोटांनी पुसून गेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार नम्र होतात. मी तसा नाही. मला राग येतो आणि तो मी लवकर विसरत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका खोक्यात आम्ही पन्नास भावंडं होतो. त्यातून स्टेशनजवळच्या दुकानात आलो आणि तिथून भागवत मला घेऊन आले. तेव्हापासून सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड असं सगळं माझ्या पाठीवरून गेलं. माझी डावी कळ कधी चुकली नाही. भागवत गिऱ्हाइकांना सांगायचे की दुकानात तीन कीबोर्ड बदलले, पण माऊस तोच आहे. हे ऐकलं की मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं.

भागवत यांची मुलगी करिष्मा कॉलेज सांभाळून दुकानात बसायची. तिने दीड वर्ष खपून एक खेळ तयार केला. त्याचं नाव 'पाळत'. त्यात चार हेर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात शिरतात आणि कुणाच्या नजरेस न पडता एक कागद घेऊन बाहेर येतात. आधी तुमची चाल, मग पहारेकऱ्यांची. बाणावर एकदा दाबलं की हेर एक घर सरकतो, आणि टाकलेलं पाऊल मागे घेता येत नाही. घाई करणाऱ्याचा तो खेळच नव्हे.

पीकविम्याच्या दिवसांत सरकारी साइट तासन् तास बंद पडते. लोक बाकावर ताटकळत बसतात. करिष्मा त्यांनाच खेळायला बसवायची आणि त्यांचं मत विचारायची. इंद्रभानकाका दोन डाव खेळून म्हणाले की तंबाखू मळायला थांबत नाही असा पहारेकरी त्यांनी जन्मात पाहिला नाही. तिने लगेच चौथ्या चालीला पहारेकऱ्याला तंबाखू मळायला लावली. अंबूआजी भाजी विकतात. त्यांनी आधी मला नीट हातात धरायला शिकून घेतलं, मग खेळल्या आणि म्हणाल्या, "डोक्यावर पाटी असली की बाईकडे कोणी पाहत नाही पोरी. तुह्या एका हेराले पाटी दे." करिष्माने त्याच संध्याकाळी एक हेर बदलून नवा रेखाटला, पाटीवाली बाई. खेळातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

नव्या खेळांची एक ऑनलाईन स्पर्धा होती. महिनाअखेरपर्यंत खेळाडूंनी ज्या खेळांना चांगली मतं दिली, त्यांच्या कर्त्यांना पुण्याला वर्षभर शिकायला बोलावणार होते. भागवत पोरीला म्हणाले होते की नाव लागलं तर जा, नाही लागलं तर हे खूळ सोडून दुकान सांभाळ. करिष्माने ते कबूल केलं. महिन्याच्या मध्यापर्यंत 'पाळत' वरच्या पाचांत होता.

आता ऋत्विक. हा करिष्माचा आतेभाऊ. याचं खेळांवर मत सांगणारं चॅनेल होतं आणि ते बघणारी पोरं हजारोंनी होती. त्याला पळापळीच्या, गोळीबाराच्या खेळांची सवय. पहिल्याच डावात त्याने चारही हेर दाराशी नेऊन घातले आणि तिसऱ्या चालीत सगळे पकडले गेले. शेजारी अंबूआजी बसलेल्या, त्या हसल्या. ऋत्विकने मला उचललं आणि टेबलावर दोनदा आपटलं. मग माझ्याकडे न बघता निघून गेला.

माझ्या आत डाव्या कळीखाली तांब्याची एक पातळ पट्टी आहे. ती त्या दिवशी वाकली. त्यानंतर मी मनात आणलं तर एका दाबाचे दोन दाब व्हायचे. अकरा वर्षांच्या इमानी नोकरीचं हे बक्षीस. मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

करिष्माच्या, काकांच्या, आजींच्या हाताखाली मी पट्टी आवरून धरायचो. एकही दाब चुकू दिला नाही. ऋत्विक बसला की मात्र जिंकायच्या ऐन चालीला मी पट्टी सोडून द्यायचो. दाराआड थांबायचा हेर एक घर पुढे जायचा, थेट पहारेकऱ्याच्या पुढ्यात. पाच वेळा तो असा हरला. त्याचे कान लाल व्हायचे आणि मला काय गार वाटायचं म्हणून सांगू! सहाव्या वेळी तो मोबाईल स्टँडवर लावून आला. त्याला जिंकताना दाखवायचं होतं. मी म्हटलं, आता याची हजारो लोकांसमोर फजिती करतो. आणि कॅमेऱ्यासमोर मी एकाचे दोन केले.

मूर्खासारखा मी खूश झालो. संध्याकाळी त्याने तोच व्हिडिओ टाकला. 'बघा, एक क्लिक, दोन घरं. हा खेळ चोर आहे.' मी त्याच्या हातात आयता पुरावा दिला होता.

मग मतांचा पाऊस पडला. जे हरले होते त्यांना कारण मिळालं. जे कधी खेळलेच नव्हते त्यांनीही एकेक तारा देऊन शिव्या लिहिल्या. 'पाळत' पाचांतून घसरून पार तळाला गेला. करिष्मा आपल्या खेळातली चूक शोधत बसली. आठ दिवस ती तीच जागा पुन्हा पुन्हा तपासत होती. बाणावर दाबायची, हेर एकच घर सरकायचा. शंभरदा दाबलं तरी एकच. कारण तिच्या हाताखाली मी इमानी होतो. डब्यातली पोळी तशीच राहायची आणि तिचा घामेजलेला तळवा माझ्या पाठीवर असायचा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला ऋत्विकला अजून एकदा हरताना पाहायचं होतं. शिवाय दोष कळला असता तर मी मोडक्या कीबोर्डांच्या पोत्यात गेलो असतो.

महिना संपायला दोन दिवस होते. अंबूआजी आल्या, एक डाव खेळल्या आणि म्हणाल्या, "माह्या हातात तं तो कधी दोन घरं नाही गेला. त्याच्याच हातात काऊन जाते?"

करिष्माने मला हातात घेतलं. या खेपेला मला राहवलं नाही, मी पट्टी सोडून दिली. हेर दोन घरं गेला. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा दोन. मग तिने पेचकस घेऊन माझी पाठ उघडली आणि वाकलेली पट्टी बघितली. कुणी आपटलं होतं ते तिला आठवत होतं.

ऋत्विकला तिने बोलावून घेतलं. साइट बंद होती, बाकावर सात-आठ माणसं होती. त्या सगळ्यांसमोर तो नवा माऊस घेऊन बसला. एका दाबाला हेर एकच घर सरकत होता, तरी तो चौथ्या चालीला हरला. "खेळ बरोबर आहे, चूक माही होती," एवढं लिहायला त्याला दहा मिनिटं लागली. टेबलाच्या कडेला उघड्या पाठीने पडून मी ती दहाही मिनिटं चवीने बघितली.

पण शिव्या लिहून गेलेली माणसं मत बदलायला परत आली नाहीत. एक तारखेला यादी लागली. 'पाळत' त्यात नव्हता. करिष्माने यादी दोनदा वाचली, बंद केली आणि बाकावरच्या पहिल्या माणसाचा पीकविम्याचा फॉर्म भरायला घेतला. त्या दिवसापासून ती पूर्ण वेळ दुकानात बसते.

भागवत मला पोत्यात टाकायला निघाले होते. करिष्माने मला त्यांच्या हातातून घेतलं, फडक्याने पुसलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. म्हणाली, "राहू द्या बाबा. यानं काय केलं बिचाऱ्यानं? मार तं यानंच खाल्ला."

मित्रांनो, हरलात तर वस्तू आपटू नका. आपटलेली वस्तू विसरत नाही, आणि ऋत्विकला मी आजही माफ केलेलं नाही. पण रोज सकाळी करिष्मा पेन घ्यायला हा ड्रॉवर उघडते, तेव्हा तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही.