अंबाड्यातले झुमके

“ही नवरी हाय का साळिंदर?” कांताताई पुटपुटल्या.

स्वतःशीच पुटपुटल्या, पण माझं पार्लर एवढंसं आहे की इथे स्वतःशी बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. आरशातल्या नवरीलासुद्धा. शिवांगी हसली नाही. मी तिच्या अंबाड्यात पिना खोचत होते, त्या लांबच लांब, टोकाला पितळी पाकळ्या लोंबणाऱ्या, दोन्ही बाजूंनी पंख्यासारख्या बाहेर आलेल्या. तिने स्वतः घडवलेल्या. इमिटेशन ज्वेलरीच्या कारखान्यातली नोकरी सोडून पोरगी घरी असल्या पिना करते, फोनवर विकते. आज तिचा साखरपुडा. तिची एकच मागणी होती की आज आपलं काम आपल्या डोक्यावर हवं.

कांताताई म्हणजे तिची होणारी सासू. भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या. गळ्यात सोनं, आवाजात खाडीचा वारा. साखरपुड्याचा हॉल इथे गोडदेवलाच, माझ्या गल्लीच्या टोकाला, म्हणून साडीचं पदराचं बघायला त्या इथे येऊन बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर सुचेता, शिवांगीची आई. मांडीवर गजऱ्यांचा पुडा. आल्यापासून तिने तो एकदाही खाली ठेवला नव्हता.

सुचेता का घाबरली होती ते मला ठाऊक होतं. शिवांगीलाही ठाऊक होतं, आणि शिवांगीने भूपेशला, म्हणजे नवऱ्या मुलाला, केव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, आईला एवढ्यात नको, लग्न होऊन जाऊ दे. बघायच्या कार्यक्रमात कांताताईंनी विचारलं होतं, “विहीणबाई, तुमी आधी काय करायच्या?” सुचेता म्हणाली होती, “हॉटेल लाइनला होते.” कुठलं हॉटेल? “आता बंद झालं.” यात खोटं काही नव्हतं. हायवेवरचे ते बार बंदच झाले होते. सरकारने नाच बंद केला तेव्हा शिवांगी बालवाडीत होती.

“आनि हे असलं शोधलंस कुठून तू?” कांताताईंनी विचारलं.

शिवांगीचा चेहरा उजळला. पिनांचा विषय निघाला की ती थांबत नाही.

“जपानमधून, आई. जुनी चित्रं आहेत. तिकडे ओइरान असायच्या. त्यांच्या केसांत कासवाच्या पाठीच्या पिना, अशाच. जेवढा मान मोठा, तेवढ्या पिना जास्त. त्यांची चित्रं छापून बाजारात विकायचे. ती बघून व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायका तसेच केस बांधायच्या.”

“म्हंजे रान्या होत्या?”

“राण्या नाही...”

मी हेअर ड्रायर चालू केला. केस कोरडे होते, तरी केला. माझ्या धंद्यात ड्रायरचे दोन उपयोग आहेत आणि दुसरा जास्त लागतो.

“बंद कर गो ते,” कांताताई म्हणाल्या. “रान्या न्हाय तर कोन?”

“कलावंत,” शिवांगी म्हणाली. “गाणं, कविता, सगळं यायचं त्यांना.”

“आनि पैशे कोन द्यायचं?”

सुचेताच्या मांडीवरचा पुडा कुरकुरला.

“पुरुष द्यायचे,” शिवांगी हळूच म्हणाली. “पण त्यांना त्यांच्या ठरलेल्या वस्तीबाहेर जायला मिळायचं नाही. त्यांच्या हातात काय होतं?”

“कललं.” कांताताईंनी पदर सावरला. “म्हंजे तसल्या बाया. त्यांचं तू डोक्यावर घेऊन माज्या भूपेशच्या शेजारी बसनार? आमची सगली मानसं येनार. काढ ते. गजरे हायेत, सोन्याची फुलं हायेत माजी, ती घाल.”

“पण आई, त्या व्यापाऱ्यांच्या बायका तर चांगल्या घरच्या होत्या ना? त्यांनीपण घातल्याच की.”

“त्यांना ठावं नसंल कुनाचं हाय ते.”

“ठाऊक असतं, कांताताई,” मी म्हणाले. “फक्त विचारायचं नसतं.”

कुठून बोलले कोण जाणे. तोंडात पिना धरून काम करायची माझी सवय आहे. नेमक्या तेव्हा तोंडात एकही नव्हती.

कांताताई आरशातून माझ्याकडे बघायला लागल्या. मासळी निवडणाऱ्या बाईची नजर ती, कल्ले उघडून बघणारी.

“सुगंधा,” त्या म्हणाल्या, “माज्या दिराच्या लग्नात तू माजा अंबाडा बांदलेला. कानातले झुमके अंबाड्यात लावलेले, लोंबते. हाय ना याद?”

“आहे.”

“सगल्या वाड्यात नाव झालेलं. माज्या जावांनी, नंदांनी, सगल्यांनी नंतर तसंच करून घेतलं.” त्या आरशाकडे सरकल्या. “तू म्हनलीस, नवीन आलंय. कुठून आलेलं?”

काय सांगणार? त्या काळी दुपारी चारनंतर माझ्या पार्लरचा पडदा ओढलेला असायचा. संध्याकाळी हायवेवर जाणाऱ्या मुली आत असायच्या, आणि गल्लीतल्या बायका त्या निघून गेल्या की यायच्या. कुणी पडद्यामागचं विचारायचं नाही. नुसतं म्हणायच्या, ताई, ते दुपारी तुम्ही बांधत होतात ना, तसं. नाचताना कानातून झुमके उडतात म्हणून त्यातल्या एकीने ते यू-पिनांना बांधून अंबाड्यात खोवले. महिन्याभरात अख्खं भाईंदर ते घालून हळदीला जायला लागलं.

“सांग ना,” कांताताई म्हणाल्या. आवाज खाली आला होता, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटते. “कुनाचं होतं ते?”

“कुठल्यातरी मासिकात...” मी सुरुवात केली.

“मासिक वाचतेस तू?”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

शिवांगीने हात वर केला. अंबाड्यातली एक पिन ओढली, मग दुसरी. “राहू द्या, आई,” ती म्हणाली. “काढते मी. सोन्याची फुलंच लावू. ताई, तुम्ही फुलं घ्या.” पाकळ्या किणकिणत टेबलावर पडत होत्या. ती आरशात बघतच नव्हती. भराभर काढत होती, केस ओढले जात होते तरी, म्हणजे विषय संपेल, म्हणजे पुढचं कुणी विचारणार नाही.

सुचेता उठली. गजऱ्यांचा पुडा स्टुलावर ठेवला आणि लेकीचं मनगट धरलं.

“थांब.”

“आई, नको,” शिवांगी म्हणाली. “प्लीज.”

सुचेताने मनगट सोडलं नाही. बघत मात्र होती कांताताईंकडे, आरशातून नाही, सरळ.

“ते झुमके माझे होते, विहीणबाई,” ती म्हणाली. “मी हॉटेलात नव्हते. मी बारमध्ये नाचायचे.”