फोटोपुरती पँट बुटात

पुतळ्याच्या कार्यक्रमाला येऊ नकोस, ऊन लागेल, असं मी वहिनीला तीनदा बजावलं होतं. तरी ती ठेवणीतले कपडे घालून दोन्ही पोरांसह हजर. पोरं मागे बसली, ती माझ्या शेजारी.

फाउंड्रीच्या भट्ट्या भंगारात विकून झाल्यावर मालकांच्या चिरंजीवांना कामगारांचा उमाळा आला होता. म्हणून चौकात ओताऱ्याचा पुतळा आणि वर बेसूर बँड. सगळंच डोक्यात जात होतं.

माझा थोरला भाऊ तिथेच ओतारी होता, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचा. मी धाकटा असून मुकादम, कारण वरच्यांची मर्जी राखणं मला जमायचं. ओताऱ्याची पँट कायम बुटावरून खाली सोडलेली असते, म्हणजे वितळलेलं लोखंड उडालं तरी घरंगळून जमिनीवर पडतं. बुटात खोचली तर ते थेट आत उतरतं. एकदा फोटोग्राफर आला. नवे बूट दिसायला हवेत म्हणून मालकांनी पँटी खोचायला सांगितल्या, आणि तो हुकूम मीच भावाच्या कानावर घातला. फोटो झाल्या झाल्या ओतकाम सुरू केलं. पँट बाहेर काढायलाही मी कुणाला उसंत दिली नाही. लोखंड उडालं ते थेट भावाच्या बुटात उतरलं आणि तो नवव्या दिवशी गेला. चौकशीत मी सांगितलं, त्यानं स्वतःच्याच निष्काळजीपणानं खोचली होती. पाळीतल्या बाकीच्यांनी नोकरीच्या भीतीनं माझीच री ओढली. सगळं खापर मेलेल्या माणसावर फुटलं आणि वहिनीनं ते वीस वर्षं ऐकून घेतलं. तिला खरं कधी कळू नये, एवढीच माझी इच्छा होती.

चिरंजीवांनी दोरी ओढली, कापड खाली आलं. पुतळ्याची पँट बुटात खोचलेली होती.

मागे दुसऱ्या पाळीतले जुने ओतारी खिदळले. "हा कसला ओतारी? हा घोड्यावर बसायला निघालाय."

शिल्पकार बाई खवळली. "मी मनानं काही केलेलं नाही. कारखान्याच्या अल्बममधला फोटो आहे माझ्याकडे."

चिरंजीव माईक घेऊन मदतीला धावले. "बरोबर आहे त्यांचं. बूट दिसावेत म्हणून बाबांनीच त्या दिवशी सगळ्यांना पँटी खोचायला लावल्या होत्या. फार हौशी होते बाबा."

"कुठल्या दिवशी?" वहिनीनं बसल्या जागेवरून विचारलं.

त्या दीडशहाण्यानं बाईकडून फोटो घेतला आणि उलटा करून तारीख वाचून दाखवली. मागचं हसणं थांबलं. ती तारीख तिथल्या प्रत्येकाला माहीत होती.

वहिनी उठली. आता ती स्टेजवर जाऊन मालकाच्या पोराची सालटी काढेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसंच व्हावं, असं वाटत होतं. पण ती माझ्याकडे वळली.

"त्या दिवशी मुकादम तुम्हीच होतात ना, भावोजी?"

मी पुतळ्याच्या बुटांकडे बघू लागलो.

"चौकशीहून आलात तेव्हा माझ्या पोरांना समोर बसवून सांगितलंत, बापासारखा निष्काळजीपणा करू नका म्हणून. मी तुम्हाला चहा करून दिला होता." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "दोघंही मागे बसलेत. उठा, आणि आता खरं काय ते सांगा त्यांना."

तिनं माझा दंड धरला आणि मला उभं केलं.