जुळ्या पिस्तुलांची एकच लांबी

आर्विड टॉलेफसन आमच्या नेमबाजी क्लबातला जाणकार. काडतुसं घरीच भरायचा. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, म्हणजे काडतुसाची एकूण लांबी किती ठेवायची, हा त्याचा आवडीचा विषय. नवख्या माणसाला तो तळघरात नेऊन बजावायचा, पुस्तकातल्या आकड्यावर जाऊ नकोस; पिस्तुलाची नळी काढ, तीत काडतूस सोड. टक्‌कन तळाला बसलं, बोटानं सहज फिरलं, तर लांबी बरोबर.

मॉन्टॅनात त्या वर्षी जिल्ह्याची स्पर्धा आमच्याच गावी होती. आर्विडनं स्वतःसाठी आणि बायकोसाठी, लव्हॉनसाठी, काडतुसं भरायला घेतली. त्याच्या नळीत लांबट काडतूस नेम चांगला धरायचं, म्हणून त्यानं जेमतेम मॅगझिनमध्ये मावेल एवढी लांबी ठरवली. लव्हॉन म्हणाली, "एक माझ्याही नळीत टाकून बघ ना."

"कशाला? दोन्ही पिस्तुलं एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली. जुळी आहेत ती."

"मी नि मार्लिस जुळ्याच आहोत. तिचे बूट मला होत नाहीत."

आर्विड हसला आणि काडतुसं भरायच्या यंत्राचं हँडल ओढत राहिला.

स्पर्धेत आधी त्याची पाळी आली. तो इतका छान खेळला, की लोक हात मिळवायला आले. मग लव्हॉन उभी राहिली. पहिलं काडतूस आत गेलं, पण पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड पुरती मिटेना. चाप ओढला तर काहीच नाही. तिनं नळी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाकडेच रोखून ठेवली आणि स्लाइड मागे खेचली. पुंगळी बाहेर आली, दारू भुरभुर सांडली आणि गोळी नळीतल्या खाचांत रुतून तिथंच राहिली. तिच्या नळीचा घसा, म्हणजे खाचा सुरू होण्याआधीची मोकळी जागा, त्याच्या नळीपेक्षा आखूड होता, एवढंच.

पंचानं पिस्तूल बाद केलं, दुसरं आणायची मुभा दिली. आर्विडनं मान खाली घालून स्वतःचं पुढे केलं. त्यात ती काडतुसं लोण्यासारखी चालली. चालणारच, त्याच नळीसाठी तर जिवापाड मापलेली. लव्हॉननं त्याच पिस्तुलानं, त्याच काडतुसांनी नवऱ्याला मागे टाकून स्पर्धा जिंकली.

संध्याकाळी चर्चच्या दालनात जेवण होतं. आर्विड टेबलाटेबलावर सांगत होता की बक्षीस तिचं, पण काडतुसं माझी. लव्हॉन ह्युमाकडे, म्हणजे आमच्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे, नळीतली गोळी ठोकून काढायला गेली होती. ती आली तेव्हा जेवणातलं गोड संपलं होतं. ती एवढंच म्हणाली, "यापुढे लांबी माझ्या नळीनं ठरेल."

तशी ती ठरली. दोघांच्याही पिस्तुलात बसतील अशी आखूड काडतुसं आर्विड भरू लागला. गोळी खोल गेली की दाब वाढतो, म्हणून दारूही थोडी कमी करून. त्याचा नेम जरा फाकला. लव्हॉनचा सुधारला.

परवा एका नवख्या पोराला तो समजावत होता, "घरात दोन पिस्तुलं असली, तर ज्या नळीचा घसा आखूड तिच्या मापानं भरायचं. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं मी शोधून काढलंय."

लव्हॉन शेजारीच रिकाम्या पुंगळ्या वेचत होती. तिनं वर पाहिलं नाही.