मार्ताबाईंची हाक

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावातल्या एका तळघरात पडून आहे. मित्रांनो, माझ्या हातून एक आवाज पुसला गेला, तेवढंच सांगायचं आहे.

१९८३ साली मृणालिनीने मला सेलमधून आणलं. ती इथल्या विद्यापीठात भाषाशास्त्राचा प्रबंध लिहीत होती. पूर्व युरोपातल्या कितीतरी स्लाव्हिक भाषांत मक्याला कुकुरूझ म्हणतात. हा शब्द आला कुठून, यावर पंडितांचं एकमत नाही. कुणी म्हणे तुर्कांकडून, कुणी म्हणे घरचाच. काही म्हणत, कोंबड्यांना दाणे टाकताना मारायच्या हाकेवरून. ही तिसरी बाजू सगळ्यांत लंगडी, आणि मृणालिनीचा जीव नेमका तिच्यातच अडकला.

शेजारी मार्ताबाई राहत. ऐंशी उलटलेल्या, तरुणपणी क्रोएशियातून आलेल्या. परसात एकही कोंबडी नव्हती, तरी मृणालिनीने विनवल्यावर त्यांनी मूठभर मका घेतला आणि आपली आई मारायची तशी हाक मारली, "कुकुरू, कुकुरू, कुकुरू." मग त्यांना रडू आलं. मी हाकही टिपली, रडणंही. तेव्हा माझी काय ऐट होती!

पुढच्या जानेवारीत मार्ताबाई वारल्या. फेब्रुवारीत सांगलीहून तार आली. मृणालिनीचा नवरा श्रीरंग, त्याचे वडील अत्यवस्थ होते. मित्र नरेंद्र त्याच संध्याकाळी भारतात निघाला होता. फोन लागायची मारामार, म्हणून आपली माणसं कॅसेटवर बोलून ती जाणाऱ्याबरोबर धाडत. श्रीरंगने हाताला लागली ती कॅसेट माझ्यात घातली, लाल बटण दाबलं आणि अर्धा तास वडिलांशी बोलला. मी हुकमाचा ताबेदार. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती.

मार्चमध्ये मृणालिनी मार्ताबाईंची कॅसेट शोधू लागली, तेव्हा उलगडा झाला.

"ऐकून तरी बघायचंस, श्रीरंग."

"कोरी वाटली गं. नरेंद्रची फ्लाइट मिस झाली असती."

"बाबांनी ऐकली?"

"तीनदा. दादाचं पत्र आलंय."

"मग राहू दे. कॅसेटवर नाव मीच घातलं नव्हतं."

एका दुपारी तिने मला समोर घेतलं आणि स्वतःच ती हाक मारली. हुबेहूब साधली. तिने एकदा ऐकली, "पण ही मार्ताबाईंची नव्हे," म्हणाली आणि आपल्या हाताने पुसून टाकली. प्रबंधात तिने लिहिलं की तिसऱ्या मताला पुरावा मिळाला नाही. आठवणीला कुणी पुरावा म्हणत नाही. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर तिने मला हात लावला नाही. मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज जपा. कॅसेटवर नाव घाला, पुसण्याआधी ऐका. गेलेल्या माणसाला पुन्हा एकदा बोला असं म्हणता येत नाही.