बिरेनची सुट्टी

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मागच्या गेटवर दोघं वॉचमन होते. ज्ञानदेव ओव्हाळ वाकडचे, साठीला टेकलेले. बिरेन बसुमतारी आसामचा, पंचविशीतला. इथे राहून तो मराठी शिकला होता, शिव्यांसकट.

२००५ सालचा मे महिना होता. बिरेनच्या मुलखात बोडो लोकांनी बरीच वर्षं भांडून स्वतःचा कारभार मिळवला होता, आणि आता त्यांच्या कौन्सिलची पहिलीच निवडणूक होती. बिरेन रोज विचारायचा, "काका, पोपटशेठ सुट्टी देणार नाही ना?"

"मागून तर बघ."

"नाही देणार," म्हणायचा, आणि आरसा घेऊन गाड्यांखाली बघायला लागायचा.

ज्ञानदेवांना ते लागलं. त्यांची आई मतदानाला जाताना ठेवणीतलं लुगडं नेसायची. "बाबासाहेबांनी दिलंय, वाया घालवू नये," म्हणायची. आणि हे पोर स्वतःच्या राज्याचं पहिलं मत सोडून इथे गाड्यांची बुडं बघणार?

शेवटी तेच पोपटशेठकडे गेले. शेतजमीन आयटी पार्कात गेल्यावर पोपटशेठनं वॉचमन पुरवायचा धंदा काढला होता.

"आमच्या पंचायतीला शेजारच्या आळीतनं माणूस उठत न्हाय," पोपटशेठ म्हणाला, "आन् ह्यो मत द्यायला आसामला जाणार?"

"त्याची पाळी मी करतो. माझी धरून."

"ह्या वयात? गेटवर आडवं झालात तर कंपनी मला इचारंल."

"मी आडवा होईन, गेट उघडं राहणार नाही."

पोपटशेठ हसला. "जाऊ द्या त्याला. पर मत दिलं की माघारी. तिकडं मंत्री झाला तर मला दुसरा माणूस बघायला लागंल."

ज्ञानदेव जवळजवळ पळतच गेटवर आले. बिरेननं ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसला.

"काका, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"अरे, तूच रोज विचारायचास."

"मी विचारायचो, देणार नाही ना. देणार नाही तेच बरं होतं."

मग सगळं बाहेर आलं. वडील गेल्यावर बिरेनला चुलत्यानं वाढवलं, शाळेत घातलं. थोरला भाऊ चळवळीत जंगलात होता, सरकारशी करार झाल्यावर बंदूक ठेवून घरी आला. आता कौन्सिलच्या एकाच जागेसाठी चुलता एका बाजूनं उभा होता आणि भाऊ दुसऱ्या. दोघांचेही फोन येत होते, ये म्हणून.

"त्यात काय?" ज्ञानदेव म्हणाले. "मत गुप्त असतं. दोघांनाही हो म्हण आणि आत जाऊन मनाला येईल ते बटण दाब."

"बटण गुप्त आहे, काका. पण स्टेशनवरून मी कुणाच्या घरी जाणार? जेवायला कुठे बसणार? अख्खा गाव बघणार. ज्या घरी गेलो नाही, ते घर मला कायमचं बंद." "दोन्ही घरांना सांगून ठेवलं होतं, शेठ सोडत नाही. आज संध्याकाळी पक्कं सांगायचंय. आता सुट्टी मिळाली, आणि मला खोटं बोलता येत नाही. चुलत्याशी तर नाहीच."

पाळी सुटल्यावर दोघं टपरीशेजारच्या एसटीडी बूथवर गेले. चुलता गावच्या दुकानात फोनपाशी बसूनच होता. बिरेन त्यांच्या भाषेत बोलू लागला, अडखळला, लाल झाला. मग त्यानं रिसीव्हर पुढे केला.

"म्हणतो, साहेबाला दे."

ज्ञानदेवांनी इकडेतिकडे बघितलं. आईचं लुगडं आठवलं. मग त्यांनी रिसीव्हर घेतला.

"हां, मैं साहब बोलता है. छुट्टी नहीं मिलेगा. इधर आदमी कम है."

पलीकडून म्हातारा आवाज आला. "अच्छा किया, साहब. इधर घर में ठीक नहीं है. उसको उधर ही रखना. वोट के बाद भेजना."

ज्ञानदेवांनी रिसीव्हर ठेवला. बिरेन तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मतदान झाल्यावर पाठवा."

बिरेननं डोळे पुसले आणि भावाचा नंबर काढला.

"हाही साहेबालाच मागणार, काका. तो जरा ओरडतो."

"ओरडू दे," ज्ञानदेव म्हणाले. "लाव."